बाराव्या खोलीची सही

१

हॉस्पिटलचा वॉर्ड कागदावर काढायचा असेल तर आधी त्यात आजारी पडून बघावं लागतं, असं ती नेहमी म्हणायची. ऐकणाऱ्यांना वाटायचं, आर्किटेक्ट बाई गमतीत बोलतायत. पण ते तिचं रोजचं काम होतं. नवा वॉर्ड बांधायला घेण्याआधी ती एखाद्या गोदामात प्लायवूडची खोली उभी करून घ्यायची. खऱ्या मापाची खोली, त्यात खरा पलंग, खरं बेसिन, सरकतं दार, आणि खिडकीच्या जागी एक चौकोनी भोक. त्या पलंगावर कुणाला तरी दिवसभर झोपवायचं. नर्सनी येऊन खोटं सलाइन लावायचं, खोटी नाडी बघायची. आणि हिनं कोपऱ्यात स्टूल टाकून फॉर्म भरायचा. पाण्याच्या ग्लासकडे हात कुठवर जातो, उठताना आधी कोणता पाय खाली येतो, बाथरूमपर्यंत किती पावलं होतात, घाबरलेल्या माणसाची नजर पहिल्यांदा कुठे जाते.

या वेळचा वॉर्ड बारा खोल्यांचा होता आणि त्याची मोठी वाखाणणी आधीच सुरू झाली होती. प्रत्येक खोली एका वेगळ्या तऱ्हेच्या रोग्यासाठी. एक नंबर हाडं मोडलेल्यांची, दोन नंबर धाप लागणाऱ्यांची, असं करत करत बारा नंबर, जे आता उठणार नाहीत त्यांची. म्हणजे झोपायला माणसं बारा हवीत, वेगवेगळ्या वयाची, उंचीची, अंगकाठीची. एक माणूस, एक फॉर्म, एक खोली. हा नियम तिनंच केला होता.

पहिल्या दिवशी ठरलेला माणूस आलाच नाही. नर्स हाताची घडी घालून उभ्या. तेवढ्यात तिचे बाबा दारात आले. ती डबा घरी विसरली होती, तो घेऊन आले होते.

"मी झोपतो की," बाबा म्हणाले. "घरी तरी काय करतो?"

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं धरत, "हं, आता खालची ओळ वाचा" म्हणत काढली. गिऱ्हाईक दुकानाबाहेर पडलं की बाबा त्याची हुबेहूब नक्कल करायचे. तो डोळे कसे बारीक करत होता, तिनं पर्स कशी छातीशी धरली होती. त्या दिवशी ते मोडक्या पायाचे ट्रक ड्रायव्हर झाले. असे कण्हले की एक नवीन नर्स खरंच घाबरली. दुसऱ्या दिवशीही कुणी आलं नाही, आणि काम तर पंधरा दिवसांत सुरू व्हायचं होतं.

"बारा माणसं लागतात ना? बारा काय, चोवीस करून दाखवतो," बाबा म्हणाले.

तिनं वेळ मारून नेली. बारा दिवस बाबा बारा रोगी झाले आणि तिनं बारा फॉर्मवर बारा वयं, बारा उंच्या लिहिल्या. मोठ्या सिस्टर रोज यायच्या, हसायच्या आणि खाली सही करायच्या. नर्ससमोर बाबा तिला अदबीनं "मॅडम" म्हणत. घरी गेल्यावर मात्र नेहमीचं "मुकादम". लहानपणी ती सगळ्यांना कामं सांगत सुटायची, तेव्हापासूनचं हे नाव. आई गेल्यापासून घरात ही दोघंच होती, त्यामुळे ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

२

वॉर्ड सुरू झाला तो एकेक खोली करत. नर्सना प्रत्येक खोलीची सवय व्हावी म्हणून दर आठवड्याला एक दार उघडायचं असं ठरलं. खोली वापरायची तर आधी तिनं आत जाऊन सगळं तपासायचं आणि दाराशी टांगलेल्या कागदावर सही करायची. तिची सही नाही तर रोगी आत नाही.

एक नंबरमध्ये एक शिंपी आला. जिन्यावरून पडून त्याचा पाय मोडला होता. चौथ्या दिवशी ती फेरी मारायला गेली तेव्हा तो पाणी पीत होता. म्हणजे पिण्याआधी त्यानं ग्लास खिडकीकडे उंच धरला, एक डोळा मिटला, पाण्यातून आरपार पाहिलं, मान हलवली आणि मग घोट घेतला.

तिला हसू आलं. तिचे बाबा अगदी असंच पाणी पीत. भिंग तपासायची सवय, दुसरं काय. असेल या माणसालाही. जगात एका सवयीची दोन माणसं असायला कुणाची बंदी आहे?

घरी जेवताना ती हे बाबांना सांगणार होती. बाबांनी समोरचा ग्लास उचलला आणि घटाघट पिऊन खाली ठेवला. तिनं मग काही सांगितलं नाही. का सांगितलं नाही, ते तिचं तिलाही कळलं नाही.

३

दोन नंबरमध्ये धाप लागणाऱ्या एक शिक्षिका होत्या. त्यांना बरं वाटत होतं. सगळ्यांनाच बरं वाटत होतं. रोगी ठरल्यापेक्षा दोन-दोन दिवस आधी घरी जात होते, पलंगावरून एकही माणूस पडला नव्हता, आणि मोठे डॉक्टर पाहुण्यांना घेऊन वॉर्ड दाखवत फिरत होते. "सगळं या बाईंचं डोकं बरं का," असं म्हणत तिला पुढे करत होते.

पाहुणे गेल्यावर ती शिक्षिकेच्या पलंगाशी थांबली. बाईंच्या मुलाचा फोन येऊन गेला होता आणि बोलणं काही गोड झालेलं दिसत नव्हतं. बाईंनी डोळे पुसले, उशी सारखी केली आणि स्वतःशीच म्हणाल्या, "जाऊ दे. झालं ते झालं. हं, आता खालची ओळ."

तिच्या मनात पाल चुकचुकली.

"हे असं तुम्ही नेहमी म्हणता?" तिनं विचारलं.

"काय म्हणाले?" बाईंनाच ते आठवेना.

आई गेली त्या दिवशी बाबा हेच म्हणाले होते. ती दहावीला गणितात आपटली तेव्हा, दुकानाची काच फुटली तेव्हा, त्यांचे गुडघे धरले तेव्हा. दुःखावर बाबांकडे एवढं एकच औषध होतं आणि तिलाही ते लागू पडायचं. त्या संध्याकाळी तिनं मुद्दाम कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाली, "बाबा, आज सगळंच बिनसलं बघा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले. आपण घरातली एखादी वस्तू कुठे ठेवली ते आठवावं तसे ते थोडा वेळ चाचपडत राहिले.

"हो का," ते म्हणाले. "वाईट झालं."

म्हातारपण, तिनं स्वतःला बजावलं. सत्तरी उलटल्यावर माणूस विसरणारच. आणि "खालची ओळ" काय, शिक्षकाच्या तोंडी नाही येणार तर कुणाच्या? तिनं दोन्ही गोष्टींना दोन वेगळी कारणं शोधली आणि दोन्ही पटण्यासारखी होती. तिला रात्रभर झोप लागली नाही एवढंच.

४

तीन नंबर उघडला त्या आठवड्यात बाबा अंघोळ करताना शिट्टी वाजवायचे थांबले. चार नंबरनंतर त्यांनी नकला सोडल्या. शेजारच्या मावशी रोज दुपारी त्यांच्याजवळ बसायला येत. त्या म्हणाल्या, "भाऊजी हल्ली फार सभ्य झालेत गं." पाच नंबरमधला एक बँकेचा साहेब मात्र, आजवर कधी हसताना न दिसलेला, डॉक्टर पाठमोरे झाले की त्यांच्या चालण्याची अशी नक्कल करायचा की त्याची बायको तोंडात बोट घालून बघत राहायची.

तिनं यादी करायला घेतली आणि अर्ध्यात फाडून टाकली. शिकलेली बाई आपण. भिंतींची जाडी काढतो, उजेड मोजतो. असलं कागदावर लिहिलं तर उद्या आपल्यालाच दाखल करतील.

सात नंबर ऑपरेशन झालेल्यांचा. तिथे एक म्हातारी होती, भाजी विकणारी, पोटाचं मोठं ऑपरेशन झालेली. ती नुकती शुद्धीवर येत होती. हिनं फक्त पडदा नीट सरकतो का ते बघायला हात लावला होता. तेवढ्यात म्हातारीनं डोळे उघडले आणि हिच्याकडे पाहून ओळखीचं हसली.

"आलीस का मुकादम? चहा टाक की जरा."

आवाज म्हातारीचाच होता. पण शब्दाच्या शेवटी लाडानं सूर वर नेण्याची ती ढब, हसताना डावा गाल आधी उचलला जाणं... ती पडदा धरून उभीच राहिली. तिला वाटलं आपण "हो बाबा" म्हणालो. म्हणाली की नाही देव जाणे.

ती तशीच घरी गेली. दुपारचे तीन वाजले होते. मावशी नुकत्याच उठून गेल्या होत्या. बाबा खुर्चीत बसले होते. ती आत येताच ते धडपडत उठले, खुर्ची पुढे केली आणि अनोळखी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं म्हणाले, "या ना. बसा. कुणाला भेटायचंय तुम्हाला?"

सबंध आयुष्यात बाबांनी घरी तिला कधी "तुम्ही" म्हटलं नव्हतं. ती स्वयंपाकघरात गेली, ओट्याला टेकली आणि रडली.

५

मोठ्या सिस्टर स्पष्टवक्त्या होत्या. तिनं त्यांना स्टोअररूममध्ये गाठलं आणि सगळं सांगितलं. बारा फॉर्म, बारा सोंगं, ग्लास, शिट्टी, सात नंबर. सांगताना तिलाच ते खुळ्यासारखं वाटत होतं. सिस्टर हसतील, खांद्यावर हात ठेवतील आणि "रजा घे" म्हणतील, अशी तिला आशा होती.

सिस्टरांनी चादरींचा गठ्ठा खाली ठेवला. "ग्लासचं मी पण पाहिलंय," त्या म्हणाल्या. "शिंपी गेला, त्याच्या जागी पोस्टमन आला. तोही तसाच पितो. मला वाटलं, मलाच भास होतोय."

"मग बंद करू या ना वॉर्ड!"

"काय सांगून? हाड मोडलेला माणूस आपल्या पायांनी घरी जातो, असं या इमारतीत पूर्वी होत नव्हतं बाई. तुझे बाबा कसे झोपले होते आठवतंय का? मजेत. त्यांना भीती कसली ती नव्हतीच. या पलंगांवर आलेला माणूस घाबरत नाही, म्हणून लवकर बरा होतो. आता कुणाला नाही म्हणू मी?"

पण आपण केलेलं आपल्याला मोडता येईल, असं तिला वाटत होतं. एक नंबर दोन दिवस रिकामा होता. तिनं मिस्त्री बोलावला, पलंगाचं तोंड फिरवलं, ग्लासची फळी दुसऱ्या भिंतीवर नेली, धरून उठायचा दांडा हातभर वर घेतला. बाबांच्या मापाचं म्हणून त्या खोलीत काही ठेवलं नाही. नवा रोगी आला. तिनं दारात उभं राहून पाहिलं. त्यानं ग्लास उचलला आणि साधं पाणी प्यायला.

ती घरी धावत गेली. पाण्याचा ग्लास भरून बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला आणि साधं पाणी प्यायले.

तिनं पुन्हा भरला, पुन्हा दिला. पाचव्या ग्लासाला बाबा कळवळून म्हणाले, "पुरे ना हो बाई."

म्हणजे खोलीतून गेलं ते परत येत नव्हतं. नुसतं गेलं होतं. त्या नव्या रोग्याला एक नंबरमध्ये महिना काढावा लागला आणि दुसऱ्याच आठवड्यात तो पलंगावरून पडला. तिनं उरलेल्या खोल्यांना पुन्हा हात लावला नाही. उलट सात नंबरच्या दाराशी ती रोज जाऊन उभी राहू लागली. म्हातारी घरी गेली, तिच्या जागी एक नर्तकी आली, मग एक वकील. सगळे तिला मुकादम म्हणत, चहा टाक म्हणत. ती हो म्हणायची आणि थोडा वेळ तिथेच थांबायची.

आठ, नऊ, दहा, अकरा या खोल्यांवर तिनं सह्या टाळून पाहिल्या. पण मोठ्या डॉक्टरांनी तिच्या ऑफिसातल्या साहेबांना फोन केला, साहेबांनी दुसऱ्या आर्किटेक्टला पाठवून सह्या करून घेतल्या, आणि बाबांचं उरलंसुरलं एकेका आठवड्यात ओसरत गेलं.

६

बारा नंबर तिनं राखला. या वेळी नुसतं टाळून भागणार नव्हतं. तिनं लेखी कळवलं की छतातून पाणी झिरपतंय, वर विजेच्या तारा आहेत, धोका आहे. पाण्याचं नाव काढल्यावर दुसरा कुणी सही करायला धजेना. किल्ली तिनं सिस्टरांकडे दिली आणि सांगितलं, मी म्हणेपर्यंत उघडायचं नाही. सिस्टरांनी किल्ली घेतली आणि दुसरीकडे बघितलं.

बारावा दिवस तिला चांगला आठवत होता. शेवटचा रोगी, म्हणून बाबा सकाळपासून एक अक्षर बोलले नव्हते. उताणे झोपले, दोन्ही हात चादरीवर शेजारी शेजारी ठेवले आणि खिडकीच्या भोकाकडे बघत राहिले. दुपारी नर्सनं हळूच त्यांच्या नाकाशी बोट धरून पाहिलं होतं. ते सोंग कुठे जाऊन राहील, हा विचार ती पुढे जाऊच द्यायची नाही.

वॉर्ड भरला होता आणि पॅसेजमध्ये एक ट्रॉली उभी होती. तिच्यावर एक आजोबा होते, हाडांचा सापळा, श्वास घ्यायला धडपडणारे. प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याच्या चपलेच्या आवाजानं ते दचकत होते. त्यांची मुलगी शेजारी उभी होती. बसायला जागाच नव्हती.

"ताई, तुम्हीच ना इथल्या?" मुलगी म्हणाली. "ती शेवटची खोली रिकामी आहे म्हणतात. आता फार दिवस नाहीत त्यांचे, मला कळतं. पण असं रस्त्यात नको हो. जरा शांत जागा मिळाली तर..."

"गळती आहे तिथे," ती म्हणाली.

"मी छत्री धरून बसेन."

तिनं मान हलवली. नाही. आजोबांनी तेवढ्यात चाचपडत आपल्या मुलीचा हात धरला, आणि धरायच्या आधी नीट बघून घेतलं, की ही आपलीच आहे ना. ती तिथून जवळजवळ पळालीच.

७

घराच्या दारातच मावशी भेटल्या. "सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही त्यांनी. बोलत पण नाहीत. डॉक्टरला फोन करू का?"

ती खोलीच्या दारात थांबली. बाबा उताणे झोपले होते. दोन्ही हात चादरीवर, शेजारी शेजारी. नजर खिडकीकडे.

"बाबा, उठा," ती म्हणाली. "झालं काम. दिवस संपला."

प्लायवूडच्या खोलीत एवढं म्हटल्यावर ते खो खो हसत उठून बसले होते. आता पापणीसुद्धा हलली नाही. ती पलंगाशी बसली आणि हळूहळू तिला सगळं समजलं. बाबा तिकडे होते. अकरा खोल्यांत शिट्टी वाजवत होते, नकला करत होते, चहा मागत होते. कुलूप घालून, खोटं लिहून, एका माणसाला पॅसेजमध्ये तडफडत ठेवून तिनं घरी जो राखला होता तो फक्त बारावा रोगी.

मावशींना तिनं घरी पाठवलं. मग कितीतरी वेळ बाबांचा हात हातात घेऊन ती बसून राहिली. त्यांचा हात ऊबदार होता, पण तिच्या हातावर त्याची पकड नव्हती. दुपार उतरायला लागली तेव्हा तिनं फोन उचलला.

"सिस्टर, बारा नंबरला गळती नाहीये. कधीच नव्हती. उघडा."

"नीट विचार केलायस ना गं?" सिस्टर म्हणाल्या.

"ते आजोबा पॅसेजमध्येच आहेत ना अजून?"

"आहेत."

"मग हलवा त्यांना. सही मी उद्या येऊन करते. आणि फोन ठेवू नका."

फोन कानाशी धरून ती मान खाली घालून बसली. ट्रॉलीची चाकं फरशीवरून निघाल्याचं ऐकू आलं. किल्ली फिरली. दाराचा आवाज झाला नाही. तो होऊ नये म्हणून तिनंच तीन महिने खपून ते दार केलं होतं. पलंगाला ब्रेक लावल्याचे चार खटके आले, एकामागून एक. मग त्या मुलीचा आवाज, लहान मुलाशी बोलावं तसा. "बाबा, बघा ना, खिडकी आहे इथे. केवढा उजेड आहे."

आजोबांची धाप ऐकू येत होती. मग ती कमी झाली. मग एक लांब, सावकाश श्वास आला, झोपेतून जागं होणाऱ्या माणसाचा.

"अगं बाई," पलीकडे मुलगी म्हणाली, "सिस्टर, किती शांत झाले बघा. आणि हात कसे ठेवलेत दोन्ही."

तिनं मान वर केली. बाबांचे डोळे उघडे होते आणि नजर होती तिथेच होती. समोर खिडकी लख्ख उघडी होती, बाहेर ऊन होतं. त्यांच्या डोळ्यांत ती खिडकी कुठेच दिसत नव्हती.

"काय झालं?" सिस्टरांनी हळू आवाजात विचारलं. "बोल ना."

"त्या मुलीला निरोप द्या," ती म्हणाली. "म्हणावं, त्यांच्याशी बोलत राहा. ऐकतात ते."